पन्नास सालचं नाणं

त्यांना सगळे सालवाले म्हणत. खरं नाव होतं, पण ते विजेच्या बिलापुरतं. ज्या नाण्यावरचा राजा नाकाडोळ्यांसकट पुसला गेलाय, अक्षरं गेलीत, साल गेलंय, जे दोन्ही बाजूंनी शर्टाच्या बटणासारखं सपाट झालंय, असं नाणं घेऊन लोक त्यांच्याकडे येत आणि विचारत, हे कोणत्या सालचं? सालवाले ते सांगत. एकतीस वर्षं त्यांनी जुन्या नाण्यांच्या एका दुकानात मागच्या खोलीत बसून हेच केलं, आणि निवृत्त झाल्यावर घरात उत्तरेच्या खिडकीपाशी टेबल टाकून पुन्हा तेच सुरू केलं. दुसरं काही येतच नव्हतं म्हणा.

पण हे जे येत होतं ते फार चांगलं येत होतं. आधी दिवा. दिवा टेबलालगत आडवा धरायचा, म्हणजे उजेड नाण्यावरून सरपटत जातो आणि जिथे केसभर उंचवटा शिल्लक असेल तिथे सावली पडते. मग नाण्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल घासायची. डोळ्यांना जे दिसत नाही ते कधीकधी कागदाला सापडतं. मग वजन, मग कडेचे दाते, मग राजाच्या मानेखालची रेघ कुठे संपते ते. सगळं वहीत टिपायचं. आणि एवढ्यानेही भागलं नाही तर शेवटी ॲसिड. त्यामागचं शास्त्र सालवाले येणाऱ्याजाणाऱ्याला न विचारता समजावून सांगत. टाकसाळीत ठसा बसतो तेव्हा आकड्याच्या जागी धातूवर वेगळा दाब पडतो. वरचा आकडा झिजून गेला तरी तो दाब आत राहतो. ॲसिड दोन्हीकडे सारखं खात नाही, त्यामुळे गेलेला आकडा सावलीसारखा वर येतो. मात्र त्यात नाण्याची वरची कातडी जाते. साल मिळतं, पण नाणं काळं पडतं, खडबडीत होतं, आणि संग्राहक पुन्हा त्याला हात लावत नाहीत. म्हणून ॲसिड अगदी शेवटी, आणि मालकाला दोनदा विचारून.

साल सांगून झालं की सालवाल्यांचं काम संपलं. कुणी म्हणे, "म्हणजे हे आमच्या आजोबांच्या वेळचं असेल का हो?" कुणी म्हणे, "मग हे त्या पुराच्या आधी इथे पडलं की नंतर?" सालवाले भिंग पुसत म्हणत, "मी साल सांगतो. पुढचं तुमचं तुम्ही बघा." हे ते इतक्या रुबाबात म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, केवढा हा तोलून मापून बोलणारा माणूस! खरी गोष्ट अशी होती की त्यांना पुढचं काही ऐकायचंच नसे. नाणं कुणाच्या खिशात होतं, कुणाच्या मुठीत होतं, कुणी ते रडत टाकलं की हसत, याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं.

त्यांची बायको खोलीच्या दुसऱ्या टोकाला शिलाई मशीनवर बसे. लोकांच्या पँटी आखूड करणं, कॉलरी उलटवणं, अस्तरं बदलणं ही तिची कामं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत तिने नवऱ्याच्या टेबलावरचं एकही नाणं हातात घेऊन पाहिलं नव्हतं. नाण्यांचा तिला तिटकारा होता आणि त्याला कारण होतं.

ती सहा वर्षांची असताना, बावन्न साली, तिच्या वडिलांवर चोरीचा आळ आला. पुलावरच्या टोलनाक्यात ते कारकून होते. एका सकाळी नाण्यांच्या दोन पेट्या जागेवर नव्हत्या आणि किल्ली वडिलांकडे होती. घराची तीनदा झडती झाली. सापडलं काहीच नाही, खटला उभा राहिला नाही, पण नोकरी गेली ती गेलीच. त्यानंतरची सव्वीस-सत्तावीस वर्षं, मरेपर्यंत, त्यांनी स्टेशनबाहेरच्या सायकल स्टँडवर काढली. टोकन द्यायचं, नाणं घ्यायचं, सायकल लावायची. आणि रस्त्याने जाताना मागून कुणीतरी हळूच बोलायचंच.

लग्न ठरलं तेव्हा या सासऱ्यांनी सालवाल्यांना बाजूला घेऊन विचारलं होतं, "माझ्याबद्दल तुमच्या कानावर असेल ना?" सालवाले म्हणाले होते, "मला त्याच्याशी काय करायचंय?" बायकोने हे उत्तर छत्तीस वर्षं उराशी धरलं. केवढं मोठं मन, असं तिला वाटलं. मोठं मन वगैरे काही नव्हतं. त्यांना खरोखरच त्याच्याशी काही करायचं नव्हतं.

तर त्या वर्षी वडिलांच्याच जुन्या घरात राहणाऱ्या बायकोच्या धाकट्या भावाने स्वयंपाकघराची फरशी बदलायला काढली, आणि मोरीजवळच्या फरशीखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. मेणकापडात गुंडाळलेला. आत एकाच जातीची एक्केचाळीस लहान निकेलची नाणी, एकूण एक घासून गुळगुळीत झालेली. टोलनाक्यावर त्या काळी हेच नाणं चाले. तसं ते सगळीकडेच चाले म्हणा, पण चोराच्या घरात निघालं की ते टोलनाक्याचंच.

मेहुणा डबा घेऊन आला. टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "भाऊजी, मला एकदाचं काय ते कळू दे. साठीला आलो मी. जन्मभर लोक विचारतात आणि मी खाली मान घालतो. यातलं एक तरी नाणं बावन्नच्या पुढचं निघालं ना, तर हा डबा त्या पेट्यांमधला नाही. आणि सगळी आधीची निघाली तर…"

बायको मशीनवरून उठून आली. तिने डब्यात हात घातला, एक नाणं उचललं, अंगठ्याने चोळलं. "किती घासलीत ही," ती म्हणाली.

"म्हणून तर माझ्याकडे आलीत," सालवाले म्हणाले.

भाऊ गेल्यावर ती नवऱ्याच्या खुर्चीजवळ उभी राहिली. छत्तीस वर्षांत तिने त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. साडी नाही, सहल नाही. ती म्हणाली, "अहो, एवढं माझ्यासाठी करा. आई चौऱ्याऐंशीची आहे. ती एकटीच आजवर म्हणत आलीये की त्यांनी चोरी केली नाही. तिच्या डोळ्यांदेखत एकदा कुणीतरी हो म्हणू दे."

सालवाले विरघळले. खरंच विरघळले, त्या माणसात माया नव्हती असं नाही, फक्त तिला वाट ठाऊक नव्हती. "एक्केचाळीसच्या एक्केचाळीस वाचून देतो," ते म्हणाले. "तू बघ तर."

आणि इथेच त्यांनी ती चूक केली, जी दुसऱ्या कुणाच्या नाण्याच्या बाबतीत त्यांनी उभ्या जन्मात केली नसती. परक्याचं नाणं आलं की आधी वजन, मग पेन्सिलीचा कागद, मग वहीत नोंद. हे तर घरचं काम. घरच्या कामाला कसली वही? दिवा आडवा धरून पाहिला, काही दिसलं नाही, तसे ते तडक उठले आणि कपाटातून ॲसिडची बाटली काढून आणली.

दोन दिवस काम चाललं. बायकोने मशीनवर कापड झाकलं आणि स्टूल घेऊन त्यांच्या शेजारी बसली. काचेच्या बशीत नाणं ठेवायचं, ड्रॉपरने एक थेंब सोडायचा, थांबायचं, सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, पुसायचं, भिंगाखाली धरायचं. एकतीस. अडतीस. तेहेतीस. पुन्हा अडतीस. ती कागदावर लिहून घेत होती. प्रत्येक थेंबाला ती पुढे झुकायची आणि आकडा आला की सरळ व्हायची. चव्वेचाळीस आलं तेव्हा ती म्हणाली, "जवळ येतंय." सत्तेचाळीस आलं तेव्हा तिने त्यांच्या दंडाला धरलं. इतक्या वर्षांच्या संसारात सालवाल्यांना आपलं काम इतकं गोड कधी लागलं नव्हतं. मधूनमधून ते तिला शास्त्र समजावत होते आणि ती, जिने आजवर कान झाकून घेतले होते, मान हलवून ऐकत होती.

चाळीस नाणी झाली. एकही बावन्नच्या पुढचं नाही. एक्केचाळिसावं सगळ्यांत वाईट होतं. कुठली बाजू वरची हेसुद्धा कळत नव्हतं. पहिल्या थेंबाला काही नाही. दुसऱ्या थेंबाला मागच्या दोन आकड्यांपैकी पहिला उगवला, आणि तो पाच होता.

"पाच!" बायको उभी राहिली. "पाच आहे ना? पाचच आहे ना हो?"

"पाच आहे. आता शेवटचा."

तिसऱ्या थेंबाला पाचाशेजारी एक गोलसर सावली दिसू लागली. गोल म्हणजे सहा असेल, आठ असेल, नऊ असेल, तीन असेल. यातलं काहीही चाललं असतं. एकच आकडा नको होता.

"सहा आहे," ती म्हणाली. "शेपूट दिसतंय बघा."

"थांब, घाई नको." सालवाल्यांनी चौथा थेंब सोडला. त्यांचा हात दगडासारखा स्थिर होता. पुसलं, भिंग लावलं, दिवा खाली आणला, नाणं किंचित कलतं केलं. गोल बंद झाला. आत काही नव्हतं.

"शून्य!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "पन्नास! पन्नास सालचं! अगं, या नाण्यावर काही म्हणजे काही नव्हतं. हे वाचणारा दुसरा माणूस दाखव मला!"

हे म्हणून त्यांनी मोठ्या कौतुकाने वर पाहिलं, तर बायको स्टुलावर बसली होती आणि तिचे दोन्ही हात मांडीवर उलटे पडले होते. तेव्हा कुठे त्यांना आठवलं की आकडा कशासाठी पाहायचा होता. "बरं, मग…" ते म्हणाले. चिमटा पुसून त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला.

रविवारी ते मेहुण्याकडे गेले. खरं तर चिठ्ठी पाठवली असती तरी चाललं असतं. बायको म्हणालीही, "आईसमोर नको, मी सांगेन तिला सावकाश." पण सालवाल्यांना वाटलं, साल सांगणाऱ्याने तोंड चुकवू नये. हा त्यांचा सच्चेपणा. सच्चेपणा मिरवायची हौस माणसाला कुठे नेऊन ठेवते ते पुढे आलंच.

सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. पिकलं पान, पण आवाज खणखणीत. तरुणपणी नळावर कुणी त्यांना 'चोराची बायको' म्हणालं तर भरलेली बादली त्यांनी त्या बाईच्या डोक्यावर ओतली होती, आणि पुन्हा रांगेत उभं राहून दुसरी भरून आणली होती. हा किस्सा त्या अजून हसत हसत सांगत. नवऱ्याचा फोटो त्यांच्या समोरच्या भिंतीवर होता आणि रोज सकाळी त्या पदराने त्याची काच पुसत.

"मग भाऊजी?" मेहुण्याने विचारलं. "एक तरी?"

"एकही नाही. सगळ्यांत नवं पन्नासचं."

"म्हणजे बाबांनीच…"

"मी साल सांगतो," सालवाले म्हणाले. "पुढचं तुमचं तुम्ही बघा."

सासूबाईंनी विचारलं, "जावई, पुन्हा सांगा. सगळी आधीची?"

"हो. सगळी."

"तुमची चूक होत नाही म्हणतात."

"सालात नाही होत," सालवाले म्हणाले, आणि ते खरं होतं.

म्हातारीने समोरच्या फोटोकडे पाहिलं. मग मुलाला म्हणाली, "तो काढ तिथून." मेहुणा जागचा हलला नाही, तशी म्हणाली, "काढ म्हणते ना. भिंत झाडायची आहे."

निघताना त्यांनी मुलीला जवळ बोलावलं. रडल्या नाहीत. इतकंच म्हणाल्या, "मी किती जणींशी भांडले गं याच्यासाठी. मला तरी सांगायचं होतं त्याने."

त्यानंतर त्यांचं बोलणं कमी झालं, मग खाणं कमी झालं. डॉक्टर म्हणाले वय आहे. दीड महिन्याने त्या गेल्या. नवऱ्याचं नाव शेवटपर्यंत पुन्हा तोंडातून काढलं नाही.

घरी सालवाल्यांचं काम चालू राहिलं आणि मशीनही चालू राहिली. बायको अबोल झाली होती, पण तिची आई गेली होती, तेव्हा ते साहजिकच, असं सालवाल्यांनी धरलं. नाण्यांचा डबा त्यांनी कपाटात वरच्या फळीवर सरकवून ठेवला.

चार महिन्यांनी एक गिऱ्हाईक आलं. ट्रंकेच्या तळाशी सापडलेलं एक नाणं घेऊन. योगायोग कसला, ते नाणं त्या काळी घरोघर असायचं. तीच जात, तेच निकेल. साल वाचायला भिंगही लागत नव्हतं. पन्नास.

"चांगलं आहे," सालवाले म्हणाले. "सिंहाचं नाक शाबूत आहे, आयाळ शाबूत आहे, फक्त छातीवर जरा चमक आलीये. हे दोन-तीन वर्षंच फिरलंय बाजारात. मग कुणीतरी ठेवून दिलंय."

"असं कळतं?"

"न कळायला काय झालं? माणसाच्या दातांवरून वय कळतं, तसं झिजेवरून कळतं. दोन-तीन वर्षांत निकेल एवढंच झिजतं. पार सपाट व्हायला पंचवीस-तीस वर्षं हातोहात फिरावं लागतं."

गिऱ्हाईक आभार मानून गेलं. मशीनचा आवाज थांबला होता, हे सालवाल्यांच्या लक्षात आलं नाही. बायको बसल्या जागेवरून म्हणाली, "अहो, बाबांच्या डब्यातलं शेवटचं नाणं कोणत्या सालचं होतं?"

"पन्नास. तुझ्यासमोरच तर वाचलं."

"ते किती वर्षं फिरलेलं होतं?"

सालवाल्यांनी हातातलं भिंग टेबलावर ठेवलं.

"सांगा ना. त्याच्यावर सिंहाचं नाक होतं? आयाळ होती?"

"नव्हती."

"काही म्हणजे काही नव्हतं, तुम्हीच म्हणालात. टेबलावर थाप मारून म्हणालात."

"हो."

"मग किती वर्षं?"

"पंचवीस," सालवाले म्हणाले. "कमीत कमी पंचवीस."

"पन्नासात पंचवीस मिळवा."

त्यांनी मिळवले नाहीत. गरज नव्हती. सायकल स्टँडवरचा म्हातारा त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला, पंचाहत्तर-शहात्तर सालचा; हातात टोकनांची माळ घेऊन उभा असलेला, ज्याच्याशी ते लग्नानंतरच्या सहा वर्षांत हवापाण्यापलीकडे बोलले नव्हते. बावन्न साली चोरलेलं पन्नास सालचं नाणं कोरं करकरीत असायला हवं होतं. दोन वर्षांच्या नाण्याला सालवाल्यांची गरजच पडली नसती; मेहुण्याने चष्मा न लावता वाचलं असतं. ते वाचता येत नव्हतं, हाच पुरावा होता. पहिल्या क्षणापासून तो डब्यात एक्केचाळीस वेळा पडलेला होता, आणि बायकोने त्यावर अंगठा फिरवून तो त्यांच्या तोंडावर सांगितलाही होता.

"स्टँडचा मालक घासलेली नाणी घेत नसे," बायको म्हणाली. ती आता त्यांच्याशी बोलत होती की स्वतःशी, कळत नव्हतं. "सायकलवाले मुद्दाम असलीच काढून द्यायचे. बाबा भांडणार कसे? चोर म्हणून आधीच नाव झालेलं. ते आपल्या पगारातून भरून द्यायचे आणि ती नाणी आमच्याकडेच पडून राहायची. मला आठवतंय, वाण्याने एक माझ्या हातातून फेकून दिलं होतं. आणि ज्याच्या घराची तीनदा झडती झाली, तो काय नाणी फडताळात ठेवेल?"

सालवाले उठले. स्टूल ओढून त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून डबा काढला आणि टेबलावर उपडा केला. एक्केचाळीस काळे, खवले पडलेले तुकडे. प्रत्येकावर साल तेवढं स्वच्छ. त्यांनी शेवटचं नाणं शोधलं, दिव्याखाली धरलं. झीज कुठे होती? झीज त्यांनी थेंबाथेंबाने खाऊन टाकली होती. आता पाहणाऱ्याला एवढंच दिसलं असतं की कुणीतरी एका पन्नास सालच्या नाण्यावर ॲसिड ओतलंय. त्याआधी ते सपाट होतं की नवं होतं, हे आता जगातला कुणीही माणूस सांगू शकला नसता. वजन घेतलेलं नव्हतं. कागद घासलेला नव्हता. वहीत एक ओळ नव्हती.

त्यांना लाज वाटली. उभ्या आयुष्यात वाटली नव्हती अशी, कानशिलं तापवणारी. चप्पल पायात सरकवून ते तसेच मेहुण्याकडे गेले.

मेहुण्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई रडली का?"

"नाही रडली. अरे, हे रडण्यावरून नाही. मी सांगतो ना, दोन वर्षांत नाणं असं होत नाही. शक्यच नाही."

"असं म्हणजे कसं? दाखवा."

सालवाल्यांनी खिशातून नाणं काढून दिलं. मेहुण्याने ते उलटंसुलटं केलं. "हे तर जळलंय."

"ॲसिडने. त्याआधी सपाट होतं. तू पाहिलं होतंस की."

"मी डबाभर जुनी नाणी पाहिली होती, भाऊजी. त्यातलं पन्नासचं कुठलं, हे मला काय ठाऊक? वजन केलंत? कागद घासलात? नाही ना? इतकी वर्षं आमचं डोकं खाल्लंत, नोंद नाही तर काहीच नाही म्हणून."

"अरे, माझ्या शब्दावर…"

"तुमच्या शब्दावरच तर आईला सांगितलं," मेहुणा म्हणाला. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "हे बघा, केलं असेल का, नसेल का, या दोन्हींच्या मध्ये मी जन्म काढला. तुम्ही मला एकदाचं एका बाजूला उतरवलंत. वाईट बाजूला, पण उतरलो तरी. मुलांना सांगून टाकलं, आजोबांनी केलं होतं, संपला विषय. आता पुन्हा मध्ये नेऊन उभं करू नका मला. हात जोडतो."

सालवाले परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. बायकोने तुकडे पुन्हा डब्यात भरून ठेवले होते आणि ती कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत बसली होती.

"तो ऐकत नाही," ते म्हणाले.

"नाही ऐकणार."

"तुला तरी पटलं ना?"

"मला?" तिने दाताने दोरा तोडला. "मला ठाऊकच होतं. मला तर आईसाठी हवं होतं."

सालवाले स्टुलावर बसले. त्यांना वाटलं, आता ती रडेल, ओरडेल, दोन शब्द टाकून बोलेल, आणि मग हळूहळू सगळं निवळेल. ती अस्तर उसवत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "आईला कधी पुरावा लागला नव्हता. सत्तावन्न वर्षं तिने त्याच्याशिवाय काढली. तो तुम्ही तिच्या घरी नेऊन दिलात. आणि तोही खोटा."

"साल खोटं नव्हतं," सालवाले म्हणाले.

शब्द तोंडातून गेले आणि त्यांना ते परत घ्यावेसे वाटले. बायकोने कात्री खाली ठेवली. छत्तीस वर्षांत पाहिलं नव्हतं अशा नजरेने तिने त्यांच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात, नुसती ओळख पटल्यासारखी नजर.

"नाही," ती म्हणाली. "साल बरोबर होतं." आणि तिने कोट उचलला, दिवा उचलला आणि उरलेलं काम घेऊन आतल्या खोलीत निघून गेली.